दहा वाजताची रेघ

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे द्या. एका गायीची गोष्ट सांगतो, आणि तिची नाडी मोजणाऱ्या डॉक्टरची.

डॉक्टरनं ठिपकीच्या शेपटीखाली बोटं टेकवली आणि घड्याळाकडे पाहिलं. एकशे चार. काल एकशे दोन होती, परवा शहाण्णव. निवांत गायीची सत्तरच्या आतबाहेर असते. कान गार, बरगड्यांचा भाता जोरात, डोळ्यांतलं पांढरं बाहेर आलेलं. मागचा डावा पाय तिनं अधांतरी धरला होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याच खुरातला पू त्यानं कापून काढला होता. त्या दिवशी घाई होती. पाच मिनिटांचं काम, बधिर करायची सुई कशाला, म्हणून चौघांनी तिला दोरांनी आवळून धरलं आणि यानं सुरी चालवली. जखम तर केव्हाच भरली. मग दुखणं हाडात उतरलं असणार. तीन दिवसांपूर्वी त्यानं तिच्या छातीला नवा पट्टा बांधला होता, दिवसभर नाडी टिपणारा. पण पंचवीस वर्षं मुरलेल्या बोटांपुढे पट्ट्याचं काय घेऊन बसलात! त्यातली नोंद त्यानं उघडूनही पाहिली नव्हती.

हिला असं कुढत ठेवणं पाप आहे, सुई देऊन कायमचं सोडवू, त्यानं मालकाला सांगितलं. मालकानं मान डोलावली.

धार काढणारी मावशी मात्र आडवी आली. गाय बादलीभर दूध देते, निवांत रवंथ करते, चारी पाय टेकून उभी राहते, हिला दुखतंय कुठे, असं तिचं म्हणणं.

"जनावर दुखणं लपवतं, मावशी," डॉक्टर समजुतीनं म्हणाला. "तुमची माया आंधळी आहे. आकडा खोटं बोलत नाही."

आंधळ्यालाही हात लावला की कळतं, मावशी पुटपुटली. पण शिकलेल्या माणसापुढे तिचं किती चालणार? तिनं ठिपकीचं डोकं मांडीवर घेतलं. सुई गेली. गाय शांत झाली.

मग पट्टा सोडून डॉक्टर हौदाशी धुवायला बसला, आणि सहज म्हणून त्यानं मोबाइलवर त्याची नोंद उघडली.

तीन दिवसांची एक लांब रेघ. चौसष्ट, सहासष्ट, चौसष्ट. मावशीच्या धारेच्या वेळी तर साठ. दिवसातून एकदाच ती रेघ ताडकन उभी चढत होती. सकाळी दहाला. त्याची मोटारसायकल फाटकात वाजायची ती वेळ. तो निघून गेला, की अर्ध्या तासात पुन्हा चौसष्ट.

मावशी पदरानं डोळे पुसत मागे येऊन उभी राहिली. "काय दिसतंय हो त्यात?"

हौदाचा नळ तसाच वाहत राहिला.

"मी," तो म्हणाला.

तर बाबांनो, त्या ठिपकीची आठवण ठेवा. आणि जमलं तर डॉक्टरसाठीही देवाजवळ एक शब्द टाका. अजून तो गोठ्यागोठ्यांतून हिंडतो, आधी बधिर करतो, मगच सुरी काढतो. पण दाराशी पोचला, की शंभरावर जाते ती आता त्याची नाडी.