बातमीखालची बातमी

"शिवशंकरप्पा चंद्रावर उतरला, आणि उतरल्या उतरल्या काय विचारलं त्यानं?" नरहररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथं ज्वारी येती का?"

पंचाक्षरी पोट धरून हसला. हुलसूरच्या वाचनालयात तो नवा आलेला. या घरी आज पहिल्यांदाच. दर गुरुवारी देवळात भजन झालं की निवृत्त मास्तर नरहरराव एखाद्या जुन्या बातमीचा मथळा घेत, तो फिरवत आणि कीर्तनातल्या आख्यानासारखा रंगवून सांगत. माणूस चंद्रावर गेला खरा. पण शेजारच्या राजेश्वर गावचा शिवशंकरप्पा गेला असता तर? रेल्वे उदगीरकडं गेली खरी. पण ड्रायव्हरला कीर्तनाचा नाद असता तर? मग गाडी हुलसुरात वळायची, स्टेशनमास्तर शिट्टीऐवजी झांज वाजवायचा, आणि आरती होईतो इंजिन जागचं हलायचं नाही.

ही आख्यानं वाचनालयाच्या फळ्यावर लावायची, म्हणून पंचाक्षरी कागद न्यायला आला होता.

"अक्का, तुमीच सांगा, सरांना हे सुचतं कुठून?" चहा आणणाऱ्या शारदाबाईंना त्यानं विचारलं.

कप बशीत खणकला.

"तिला अक्का म्हणू नका," नरहरराव हळूच म्हणाले. "मावशी म्हणा."

"कामून, सर?"

"सांगते की. चोरीचं थोडंच हाय?" शारदाबाई खाली बसल्या. त्यांनी पोथी उघडून आतलं पिवळं कात्रण काढलं. मथळा ठळक होता: 'गाणगापूर यात्रेत तीन वर्षांची मुलगी सापडली, थोरल्या बहिणीचा शोध'.

"ती पोरगी मी. दुपारी माधुकरीची गर्दी. पाच घरं मागायची, चौथ्या घरापाशी अक्काचा हात सुटला. तोंड आठवत न्हाई. हात आठवतो. खरखरीत, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मी दोन दिवस 'अक्का, अक्का' म्हणून रडायले. भोंग्यावर सारखं सांगितलं, पोरीच्या थोरल्या बहिणीनं यावं. कुणी आलं न्हाई. मग सुभद्राबाईनं पदराखाली घेतलं. यात्रेकरूंचा स्वयंपाक करायची ती. कायी कमी केलं न्हाई माऊलीनं."

मधल्या खोलीत प्रणिता वह्या तपासत होती. ती गावातल्याच शाळेत शिकवायची आणि या दोघांजवळ राहायची. बोलणं ऐकून ती दारात आली.

"वैनी, पुन्हा तेच काढून बसलीस?"

"बसले. साठ वर्षं झाली, तरी बसते." शारदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "सगळ्या जगाच्या बातम्या फिरवता. माझी कवा फिरवणार?"

"शारदे, त्याच्यावर हसू येत न्हाई."

"हसवा म्हणलं का मी? अक्काला मी माफ केलं ओ. लेकरूच असंल ती बी. पण आई? आपली पोर घरी आली न्हाई हे तिला कळलं नसंल? तिला का यावं वाटलं न्हाई?"

प्रणिता पुढं झाली आणि म्हणाली, "अण्णा, फिरवा की. वैनीसाठी."

नरहररावांनी घसा खाकरला. गुडघ्यावर ताल धरला.

"तर श्रोते हो, गाणगापुरात मुलगी सापडली आणि अक्काही सापडली! हात सुटला खरा, पण दत्तमहाराज स्वतःच पाचव्या घरी झोळी घेऊन उभे होते. म्हणाले, बाई, तुमची पोर चौथ्या घरी विसरली, आणि आमची भाकरी कुठाय? अक्का उलट्या पावली पळाली. पोरीनं काय करावं? रडावं? न्हाई! शेंगाचटणी भाकरी खात बसली होती. अक्काला म्हणाली, थांब की, एवढा घास होऊ दे!"

शारदाबाई हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांकडं गेला.

"आता खालची बी फिरवा," त्या म्हणाल्या.

"खालची?" पंचाक्षरीनं कात्रण उचललं. मोठ्या बातमीखाली चार ओळी होत्या. त्यानं मोठ्यानं वाचल्या. "याच यात्रेत एका बाईचीही मुलगी हरवली आहे. ती तंबूत चौकशीस आली होती. परंतु तिला ती एकच मुलगी असून मुलीस थोरली बहीण नसल्याने, सापडलेली मुलगी निराळी असल्याचे स्वयंसेवकांनी तिला समजावून परत पाठविले."

"बिचारी," शारदाबाई म्हणाल्या. "माझं सोडा, मला सुभद्राबाई भेटली. पण त्या बाईचं काय झालं असंल? रिकाम्या हातानं कशी गेली असंल घरी? कळायला लागल्यापासून दर गुरुवारी तिच्या नावाचा एक दिवा लावते. दत्ता, हिची पोर हिला भेटू दे, म्हणते. तेवढीच बातमी फिरवा आज."

"फिरवू," नरहरराव म्हणाले. "देवळात फिरवू. भजनाची वेळ झाली."

प्रणिता देवापाशी गेली. समई उजळली. तिथूनच तिनं हाक मारली, "वैनी, त्या बाईचा दिवा बी मीच लावू का?"

"लाव की गं."

पंचाक्षरी कागद पिशवीत घालून उठला. "नणंद का तुमची, मावशी?"

"नणंद?" शारदाबाईंना पुन्हा हसू आलं. "लेक हाय ओ माझी! घरात चार दीर, चारी दिशेनं वैनी, वैनी. ते ऐकून ही बी बोलायला लागली ती वैनीच म्हणायला लागली. इवल्याशा लेकराला काय कळतंय? सगळे म्हणतेत तेच आपल्या आईचं नाव..."

त्या थांबल्या. त्यांनी पंचाक्षरीच्या हातातलं कात्रण परत घेतलं आणि खालच्या चार ओळींवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"प्रणिता," त्या म्हणाल्या, "थांब गं. माझ्या आईचा दिवा मी लावते."