बघू कोण बसतंय

डिंकाचे लाडू. उसवून सैल केलेला ब्लाऊज. गच्चीचा जिना. नऊवारी साडी.

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यापासून प्रमिलाला घरात कुणी उठूच देत नव्हतं. "केमो म्हणजे दुसरं बाळंतपणच गं. बसून खा," असं म्हणत सासूबाई तिला बाळंतिणीसारखे लाडू भरवायच्या. वजन भराभर वाढलं. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "असं बसून राहणं तुम्हाला परवडायचं नाही. चाला, हात वापरा." तेव्हापासून दुपारी सगळे आडवे झाले की ती गच्चीचा जिना चढायची. आधी धापा टाकत, मग गुणगुणत.

आज पुतणीच्या मंगळागौरीत तिच्यासाठी खास खुर्ची मांडली होती. तिकडे न बघता ती पदर खोचून रिंगणात उतरली.

"वहिनी, झेपणार नाही हं तुम्हाला!" धाकटी जाऊ म्हणाली.

"मग तूच ये समोर, शैला. बघू कोण बसतंय."

हातात हात अडकले. ऑपरेशन झालेल्या बाजूचा खांदा ताणला गेला, पण पकड सुटली नाही. प्रमिला मागे झुकली आणि फुगडीने वेग घेतला. बायका ओरडू लागल्या. सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "सोडू नकोस गं, प्रमिला!"

"वहिनी, थांबा! मेले!" शैला किंचाळली आणि मटकन खाली बसली.

"आता कोण येतंय?" प्रमिलाने हात पुढे केले.

शाळेत असताना खेळाच्या तासाला हीच प्रमिला पोटदुखीचं कारण सांगून वर्गात बसून राहायची.