डॉर्सेटची शिळा

डॉर्सेट परगण्यातल्या त्या दगडखाणीत गाडी एकच होती, आणि तिच्यावर आधी कोण चढणार यावर सगळं अडून बसलं होतं. शिळा, की शिळेखाली सापडून मेलेला जेबेझ.

जेबेझला गोणपाटावर निजवलं होतं. त्याची बायको केझाया उशाशी बसली होती. अंग ताठायच्या आत तिला त्याला घरी न्यायचं होतं, धुऊनपुसून लग्नातला कोट चढवायचा होता. खाणीत मढं असेतो दगड हलवायचा नाही, ही इथली रीत. सगळ्यांनी पहारी टाकल्या होत्या.

"उचला रे!" मुकादम स्क्विब ओरडला. "आगगाडी चुकली तर उमरावसाहेबांचं दफन खोळंबेल."

"खोळंबू दे की," म्हातारा एनॉस म्हणाला. "मेलेल्याला कसली घाई?"

"मग जेबेझला तरी कसली आहे?"

कुणी हसलं नाही.

उमराव डॉर्सेटचा, पण नुसता नावाचा. राहायचा तीन परगणे पलीकडे. डॉर्सेटमध्ये त्याच्या मालकीचं ढेकूळसुद्धा नव्हतं. त्याच्या आज्याला राजाने परगण्याचं नाव बहाल केलं होतं, तेवढंच. सहीसुद्धा एका शब्दाची: डॉर्सेट. इकडे कधी फिरकला नाही. मरताना मात्र हट्ट धरला, थडग्यावर शिळा हवी ती डॉर्सेटचीच.

"ज्याला पहार जड होतेय त्याने सोमवारी येऊ नये," स्क्विब म्हणाला. "घरही खाली करावं. घरं खाणमालकाची आहेत."

आधी एनॉस वाकला. मग बाकीचे. केझायाकडे कुणी बघितलं नाही.

शिळेच्या एका अंगाला रक्त होतं. स्क्विबने पाणी मारलं, चिंधीने घासलं. चुनखडीची शिळा, पिऊन बसली होती.

"छिन्नीने खरवडा."

केझाया उठली. "हात लावू नका, मुकादम. एनॉसकाका, ती बाजू खाली करा."

"खाली?"

"त्याच्या तोंडाकडे. जन्मभर आमच्या मातीचं नाव लावून मिरवला मेला. आता तिचा वास घेऊ दे."

स्क्विबने विचार केला. डाग दिसणार नव्हता, वेळही वाचत होता.

"करा तसं," तो म्हणाला.

शिळा गाडीवर पालथी पडली. घोडे चढाला लागले.

रिकामी गाडी परत येईतो जेबेझचं लाकूड झालं होतं. घरी त्याचे हात बाह्यांत शिरेनात. शेवटी केझायाने कोट त्याच्या छातीवर नुसता पांघरला.