फाडलेला करार

पडद्यावरच्या संशोधकाने कराराचा कागद टराटरा फाडला आणि कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर भिरकावला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मधल्या रांगेत, दोन्हीकडून माणसांत कोंडलेली ती मात्र हात मांडीखाली दाबून बसली. शेजारच्या खुर्चीत तिचे बाबा होते. नावगाव बदलून चित्रपट त्यांच्यावरच बेतला होता. फक्त त्यांनी कागद फाडला नव्हता. निमूट सही केली होती.

बसच्या दारात बोटं चिरडू नयेत म्हणून बाबांनी एक पट्टी बनवली होती. हात मध्ये आला की दार आपोआप मागे सरकायचं. कंपनीने ती उचलली आणि वर स्वतःची म्हणून मिरवली. बाबांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि मग एके दिवशी लिहून दिलं, पट्टी माझी नाही. पुढे घरात विषय निघाला की ते पेपर तोंडासमोर धरायचे. रोज बसमध्ये चढताना तिला ते दार दिसायचं, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. बाबांनी ऐनवेळी कच खाल्ली, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यांना टोमणे मारायची एकही संधी तिने सोडली नव्हती.

"असा पाहिजे माणूस," पुढच्या रांगेतले काका बायकोला म्हणाले. "विकला नाही गेला."

तिला उठून जावंसं वाटलं. पण बाहेरच्या वाटेपर्यंत नुसते गुडघेच गुडघे होते.

आणखी एक गोष्ट तिला सलत होती. दिग्दर्शक महिनाभर घरी येऊन बाबांचं ऐकत बसला होता. त्याने चित्रपटात आई घेतली, आईचं शिलाई मशीन घेतलं, घरात कधीच नसलेला कुत्राही घेतला. हिचा मात्र पत्ता नव्हता.

"मला का गाळलं हो त्याने?" तिने हळूच विचारलं.

"मीच सांगितलं, गाळ म्हणून."

"का? मी तुम्हाला घालूनपाडून बोलते म्हणून?"

"छे गं." बाबांनी चष्मा काढून पुसला. "तू तीन वर्षांची होतीस, हॉस्पिटलात, नळ्या लावलेली. त्या सहीवर कंपनीने तुझं ऑपरेशन करून दिलं. म्हटलं, निदान हा पडद्यावरचा तरी जिंकू दे. तू असतीस तर त्यालाही सही करावी लागली असती."