बांधाचा दावा

"देह मिळणार नाही, बाई. तुम्ही जाळलात, तर कोर्टाचं रेकॉर्ड नष्ट होईल," रेकॉर्ड रूममधले ढोकबाबू म्हणाले.

मंदा गावंडेला ते ठाऊक होतं. कागदांना जागा उरली नव्हती, म्हणून कोर्ट जुने दावे माणसांच्या हाडांत लिहून ठेवी. वीस वर्षांपूर्वी सरकारी सागवान तोडल्याच्या आरोपावरून तिच्या नवऱ्याला, काल वारलेल्या हरिदासला, हाडांत दावा लिहून घेण्याची शिक्षा झाली होती. एकदा लिहिलेलं काढता येत नसे.

"खुनाचा खटला आहे का त्यांच्यात?"

"तो असता तर जपून ठेवायची मुदत कधीच संपली असती. हा शेताच्या बांधाचा दावा आहे. जमिनीचं रेकॉर्ड कायम ठेवायचं."

"कोणाचा बांध?"

बाबूंनी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. "दोन्ही घरं निर्वंश झाली. शेत धरणात गेलं."

"मग सोडा ना, बाबू. तिरडी बांधून लोक बसलेत."

"शिक्षा रद्द झाली असेल, तरच सोडता येतं."

"झालीच होती! अपिलात निर्दोष सुटले होते ते." मंदा टेबलावर वाकली. "निकाल इथंच असेल, बघा."

बाबूंनी यादीवरून बोट फिरवलं.

"किरकोळ प्रकरण होतं. तीन वर्षं ठेवून आम्हीच जाळलं."