ओव्हनची काच

तारेच्या घासणीचा पहिला ओरखडा काचेवर उठला तसे राघोत्तमराव थांबले. डाग होता तिथेच होता. ओरखडा मात्र आता कायमचा झाला.

चार वाजता ओव्हन न्यायला येणार होते. टेम्पो ठरला होता. सकाळीच ऊर्मीचा, त्यांच्या मुलीचा, फोन येऊन गेला होता.

"चारला, बाबा. नुसता ओव्हन द्यायचा. जुनं काही उकरत बसू नका."

"नाही बसत."

"तुम्हाला जमणार नसेल तर मी रजा टाकून येते."

"जमेल," ते म्हणाले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून इकडे पेरांबूरला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला.

विद्युलता गेली त्याला आठ महिने झाले होते. दुपारची वेळ होती. राघोत्तमराव शेजारच्या खोलीत झोपले होते आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. सुरुवातीला कारखान्यातले जुने सहकारी, मराठी मंडळातली माणसं येऊन बसून गेली. काय बोलावं ते कुणालाच कळेना. चहा पिऊन उठायची. मग तेही थांबलं. ऊर्मीनं एका रविवारी येऊन आईचं कपाट रिकामं केलं. माझ्याकडे राहायला चला, असं मात्र ती वडिलांना एकदाही म्हणाली नाही. त्यांनीही कधी कारण विचारलं नाही.

ओव्हनच्या दारावरचे डाग सगळे त्यांचेच होते. हॉटेलातून आणलेलं गरम कर, पापड भाज, एकदा तुपातले बटाटे सांडव. आठ महिन्यांत काच तपकिरी, चिकट, आंधळी होऊन गेली होती. विद्युलता याच ओव्हनमध्ये आठवड्याला डबेच्या डबे नानकटाई भाजायची, केक करायची, आणि आतला केक फुगताना बाहेरून दिसायचा. ही काच लखलखीत कोण ठेवतं, हा प्रश्न त्यांना पंधरा वर्षांत पडला नव्हता.

शेवटी घासणी ठेवून ते समोरच्या वाणीअम्मांकडे गेले. त्या तंजावरच्या. घरात तमिळ आणि जुनी मराठी एकत्र नांदायची.

"काच साफ करायची आहे," राघोत्तमराव दारातूनच म्हणाले. "ओव्हनची. कशी करतात?"

वाणीअम्मांनी त्यांच्या हातांवरून निथळणाऱ्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. मग काही न विचारता दोन लिंबं घेऊन त्या मागोमाग आल्या.

"अय्यो, तार नको. खायचा सोडा आहे काय?"

होता. विद्युलतेच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेल्या डब्यात होता. वाणीअम्मांनी चार चमचे सोडा वाटीत घेतला, थोडं पाणी घालून दोशाच्या पिठासारखा दाट कालवला.

"हें काचेला लिंपा. तुम्हीच लिंपा. अर्धा तास हात लावूं नका."

ते खाली फरशीवर बसले आणि बोटांनी लिंपू लागले. वाणीअम्मा स्टुलावर बसल्या.

"घासल्याशिवाय निघेल?" त्यांनी विचारलं.

"निघेल. धीर पाहिजे. जोर नको."

अर्धा तास असा बसून काढणं त्यांना जड गेलं. काचेकडे पाहता पाहता ते बोलून गेले, "अम्मा, माझ्या हातून एक वाईट झालं. निवृत्तीच्या दिवशी."

मार्चअखेरीची गोष्ट. साल २००५. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी घरात तीस माणसं होती. केक विद्युलतेनंच केला होता. एका साहेबाच्या बायकोनं तिला, माझ्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर घ्याल का, असं विचारलं. राघोत्तमराव मध्येच म्हणाले, "घेईल की. आमच्याकडे हल्ली भटारखानाच चालतो. बायको शोधायला जावं तर भटारीण सापडते."

सगळे हसले. विद्युलतेच्या हातात सुरी होती. तिनं सगळ्यांना केक वाढला, कुणाला कमी पडू दिला नाही. नंतर तिनं ओव्हन कधी लावला नाही. पुढच्या महिन्यात ती गेली.

"हे मी कुणालाच सांगितलं नाही," राघोत्तमराव म्हणाले. "ऊर्मीलाही नाही."

"मला सांगायला नको," वाणीअम्मा म्हणाल्या. "मी होतें तिथे. केक माझ्याही ताटलीत होता." "मीही हसलें."

राघोत्तमरावांनी वाळलेला सोडा बोटानं चाचपून पाहिला.

वाणीअम्मांनी लिंबू कापून राघोत्तमरावांच्या हातात दिलं. वाळलेल्या सोड्यावर त्यांनी ते पिळलं, तसा बारीक फेस आला आणि तपकिरी ओघळ खाली आले. ओल्या फडक्यानं पुसलं. पुन्हा लिंपलं, पुन्हा पिळलं. तिसऱ्या खेपेला काचेतून आतली जाळी दिसली. शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्यानं कोरडं केलं. आता फक्त तो एक ओरखडा राहिला.

"तो नाही जायचा," त्या म्हणाल्या.

"नाही. तो राहू दे."

वाणीअम्मा गेल्यावर त्यांनी दाढी केली आणि इस्त्रीचा सदरा घातला. टेम्पोवाल्यासाठी इस्त्रीचा सदरा कोण घालतं, असं मनात येऊन त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. काय बोलायचं ते त्यांनी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

चारला पाच मिनिटं असताना बेल वाजली.

त्यांनी दार उघडलं. टेम्पोवाला जिन्यात, चार पायऱ्या खाली थांबला होता. उंबऱ्याबाहेर विद्युलता उभी होती, आठ महिन्यांपूर्वी ऊर्मीकडे निघून गेली ती आज पहिल्यांदाच. चपला तिनं काढल्या नव्हत्या.

"ओव्हन न्यायला आलेय," ती म्हणाली. "आत येऊ का?"