मोजणाऱ्याचं नाव

बेदाणा निवडायची नवी उंच टेबलं नि खुर्च्या शेडवर आल्या, तेव्हा खुर्चीवर हरणाबाईचे पाय पोरीसारखे लोंबकळले. परपुरुषाकडून टेप लावून घ्यायला बायका लाजल्या, म्हणून टेबलं बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी हमालांचीच मापं घेतली होती. हंगाम सरेपर्यंत तिचा खांदा उचलेना. साहेब पुन्हा मापं घ्यायला आले. सोबत इंजिनिअर पल्लवी, अशाच शेडवरच्या बाईची लेक. "तू मोज यांना," साहेब म्हणाले. पल्लवीनं टेप हरणाबाईला दिली. "मावशी, कुणाचं काय दुखतंय तुमाला ठावं. तुमीच मोजा, मी लिहिते." हरणाबाईनं बावीस बायका मोजल्या, थट्टा करत, दुखऱ्या जागी हात हलका करत. शेवटी 'मोजणाऱ्याचं नाव' हा रकाना उरला. साहेबांनी सवयीनं पेन काढलं. "आवं, मोजलं मी," हरणाबाई म्हणाली. तिनं एकेक अक्षर जोडलं. नाव रकान्याबाहेर सांडलं. "ह्योबी आमाला न मोजताच केलाय व्हय?"